शेपटीखालची लोकर

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे आमच्या घरातलं काम नाही. आमच्या घरावर आजवर जे काही लिहिलं गेलं, ते हिवतापाच्या फवारणीवाल्यांनी दाराच्या चौकटीवर टाकलेले आकडे, आणि तेही आम्हाला वाचता येत नसत. घरात वाचायला शिकलेला पहिला मीच. नाशिकला कॉलेजात जातो, वसतिगृहात राहतो, मराठीच्या तासाला मागच्या बाकावर बसतो. माझं वाक्य कुठे चुकतं ते मला चुकल्यावरच कळतं. सरांनी स्वतःच्या आयुष्यातलं काही लिहिण्याजोगं लिहायला सांगितलं, तेव्हा मी भीत भीत माझा विषय सांगितला. वर्गात हशा पिकला. सरही थोडे हसले आणि म्हणाले, "अरे, दुसरं काही नाही का?"

दुसरं आहे. पण मी हेच लिहिणार आहे. मेंढीच्या शेपटीखालची घाण झालेली लोकर कशाने कापायची, यावरून आमच्या घरात एक अख्खा पावसाळा भांडणात गेला. ज्यांना वास येत असेल त्यांनी खुशाल पान उलटावं.

आम्ही मेंढरंवाले धनगर. गाव निफाडच्या पुढे, येवल्याच्या वाटेवर. पावसाळ्यात मेंढरं गावाच्या माळावर असतात, आणि दिवाळी झाली की सगळे वाडे एकामागे एक निघतात, नाशिकच्या कडेकडेने घोटी-इगतपुरीवरून घाटाखाली. आमच्यात वाडा म्हणजे भिंतींचं घर नव्हे. एका घरची मेंढरं, घोडी, कुत्री, चूल आणि रात्री मेंढरांभोवती लावायची जाळी, एवढं मिळून वाडा. ज्याची मेंढरांची खांड, म्हणजे कळप, वेगळी त्याची चूल वेगळी, आणि वाटेवर कुठे मुक्काम करायचा यात त्याचा शब्द. ज्याची खांड दुसऱ्याच्या खांडीत मिसळली, तो दुसऱ्याच्या चुलीवर जेवतो आणि विचारल्याशिवाय बोलत नाही.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला नाव घातलं त्याच उन्हाळ्यात वडिलांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. बोलणं शाबूत राहिलं. पाय ओढत का होईना चालू लागले. उजवा हात मात्र खुंटीला अडकवलेल्या सदऱ्यासारखा लोंबत राहिला.

आणि कातर हे उजव्या हाताचं हत्यार. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. आमची कातर म्हणजे एकच लोखंडी पट्टी वाकवून केलेली दोन लांब पाती. मधे खिळा नाही, बोटं घालायला कडी नाही. मुठीत आवळली की मिटते, सैल सोडली की आपसूक उघडते. दिवसभर आवळायला मनगट लागतं. वर्षातून दोनदा भावकीतले पुरुष जमतात आणि एकमेकांची मेंढरं कातरून देतात. बायका लोकर वेचतात, पिंजतात, सूत काततात, पण कातरीला हात लावत नाहीत. का, म्हणून मी लहानपणी विचारलं होतं. "पद्धत हाय" एवढंच उत्तर मिळालं.

पण त्या दोन कातरणींच्या मधे पावसाळा येतो. कोवळं गवत खाऊन मेंढरं पातळ हगतात. शेपटीखाली आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला लोकर भरते, वाळते, पुन्हा भिजते, आणि तिच्या कडक गाठी लोंबू लागतात. त्यावर निळी माशी बसली की दोन-तीन दिवसांत किडे पडतात. मेंढी पाय आपटते, मागे वळून स्वतःलाच चावते, चरणं सोडते. म्हणून तेवढ्या जागेची लोकर मधेच कापून टाकावी लागते. या घाणीच्या कामाला भावकी येत नाही. ज्याची खांड त्याच्या घरातला पुरुष ते करतो.

आमच्या घरातला पुरुष ओट्यावर बसून होता.

आषाढात एका सकाळी तात्या आले. तात्या म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. आमच्यात थोरला दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नाही, कुणाला तरी मधे घेऊन बोलतो. मी रविवारचा घरी होतो, म्हणून मला मधे घेतलं. आई तीन हातांवर चुलीपाशी भाकरी थापत होती.

"तुझ्या आईला सांग," तात्या मला म्हणाले, "यंदा तुमची खांड आमच्यात घाला. माझी तीन पोरं हायेत कातर धरायला."

आईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि तीही मलाच म्हणाली, "त्यांना विचार, पावसाळ्यापुरती का कायमची?"

"एकदा मिसळली की मिसळली. मेंढरं म्हंजी डाळ-तांदूळ हाय का, परत निवडायला?"

"मग नको म्हणावं."

"मग पोराला तरी आण म्हणावं घरी. बापाचा हात गेला, पोरगा तिकडं कॉलेजात. काय पिकतं तिथं?"

भाकरी तव्यावर जरा जोरातच पडली. "पोरगा येणार नाय. त्याला ओढून आणायला मी त्याला पाठवला नाय."

"मग मेंढरांना किडे पडतील."

"बघू."

तात्या उठले. जाताना वडिलांना म्हणाले, "दसऱ्याला भावकी बसंल, तवा ठरवू. तोवर जेवढी जगतील तेवढी जगतील." तात्या वाईट माणूस नाही. मला अजूनही तसं वाटतं. त्यांना आम्हाला सांभाळायचंच होतं. पण ज्याला सांभाळायचं त्याला आधी गप्प बसवावं लागतं, अशी त्यांची समजूत होती, आणि आई गप्प बसायला तयार नव्हती. पुढे जे झालं ते सगळं एवढ्यासाठीच झालं: दिवाळीनंतर आमची खांड वेगळी निघणार की तात्यांच्या खांडीत जाणार.

ते गेल्यावर आईने हात धुतले आणि खुंटीवरची कातर काढली. चोरून नाही, वडिलांच्या समोर.

"अगं," वडील म्हणाले. त्यांनी मान फिरवली आणि माळाकडे बघत बसले.

मी मेंढी आडवी धरली. आईने कातर आवळली, पण ती पुरती मिटेना. तिची बोटं पात्यांना पोचत होती, ताकद पोचत नव्हती. दोन हातांनी आवळली तर टोक भलतीकडे जाऊन मांडीला लागलं. मेंढी ओरडली. आईने कातर परत खुंटीला लावली आणि वडिलांना म्हणाली, "ही तुमच्या हाताच्या मापाची केलेली हाय. आम्ही धरायची नाय म्हणून सांगायची गरजच नव्हती."

वडील हसले. वारं गेल्यापासून पहिल्यांदाच हसताना मी त्यांना पाहिलं. तोंड एकाच बाजूने वर गेलं, पण हसले. "मग मापाचं हत्यार शोध की," ते म्हणाले.

तेव्हापासून आमचा शोध सुरू झाला. पुढच्या शनिवारी मी नाशिकच्या द्वारका चौकाच्या बाजूला एका जुन्या सामानाच्या दुकानातून शिंप्याची जड कात्री आणि न्हाव्याचं केस कापायचं हाताचं मशीन घेऊन एसटीत बसलो. मला फार अभिमान वाटत होता, कारण मशीन आपल्या माळावर पहिल्यांदाच येणार होतं.

इथे आम्ही एक चूक केली, आणि मला वाटतं ती फक्त मेंढरंवाल्यांच्याच हातून होऊ शकते. कातरणीच्या आधी मेंढरं धुवायची, ही आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत. धुतलेली लोकर स्वच्छ, कातर हलकी चालते. म्हणून आई, मी आणि काठी टेकत वडील, असे आम्ही खांड कालव्याच्या पाटावर नेली आणि एकेका मेंढीला पाण्यात घालून मागची बाजू चोळचोळून धुतली. कुणाच्याही मनात आलं नाही की ती रीत उन्हाळ्यातल्या कातरणीची आहे, जेव्हा लोकर तासाभरात वाळते. आषाढात ती वाळली नाही. कडक गाठी पाणी पिऊन फुगल्या आणि त्यांचा लगदा झाला. शिंप्याच्या कात्रीची पाती त्या लगद्यात रुतली, लोकर कापायच्या ऐवजी दुमडून मधे अडकू लागली. न्हाव्याच्या मशीनचे दात तर दुसऱ्या दाबातच बुजले. मी काडीने एकेक दात कोरत बसलो.

"तुझं मशीन दाढी करतंय का दाताला मशेरी लावतंय?" आई म्हणाली.

हसलो, पण दोन दिवसांनी हसू गेलं. ओली राहिलेली खांड पूर्वीपेक्षा जास्त वास मारू लागली आणि माश्या वाढल्या. तीन-चार मेंढ्यांना किडे पडले. वडिलांनी सीताफळाचा पाला वाटायला सांगितला, डाव्या हाताने स्वतः जखमांत भरला. ज्या मेंढीच्या मांडीला आईच्या हातून कातरीचं टोक लागलं होतं ती मात्र वाचली नाही. आई रडली नाही. "ही माझ्या हातानं गेली," एवढंच म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "कोरडंच कापायचं. वाळून दगड झालं तरी चालंल, पण कोरडं."

दगड कापायला कात्री कुठली, हा प्रश्न राहिला. उत्तर आईनेच काढलं. द्राक्षाच्या बागांची छाटणी झाली की पडलेला पाला खायला बागवाले मेंढरं बोलावतात, त्यामुळे आईने बागा आतून पाहिलेल्या. पेठ-सुरगाण्याकडून मजुरीला आलेल्या बाया मांडवाखाली उभ्या राहून घडातले जास्तीचे मणी काढतात, ते तिने पाहिलं होतं.

"दिवसभर हात वर करून चालवत्यात," ती म्हणाली, "आणि संध्याकाळी त्याच हातानं सैपाक करत्यात. म्हंजी ती कात्री बाईच्या हाताची हाय."

आम्ही पिंपळगाव बसवंतला गेलो. हायवेला लागून बागायती सामानाचं दुकान होतं. बाहेर द्राक्षाच्या पेट्यांचे टेम्पो धुवायला लावले होते. दुकानदार माझ्या हातातली वही बघून माझ्याशीच बोलू लागला.

"किती एकर बाग?"

"बाग नाही," मी म्हणालो आणि अडखळलो. आईने मला बाजूला केलं.

"मेंढरं हायेत. त्यांना कापायला पाहिजे."

दुकानात दोन बागवाले बसले होते. त्यातला एक म्हणाला, "मावशी, तुमच्या मेंढरांना द्राक्षं लागली का काय?"

"लागलीत की," आई म्हणाली. "काळी. शेपटीखाली घडच्या घड लोंबत्यात. या एकदा विरळणीला, मजुरी देते."

दुकान हसलं. पण या वेळी ते आमच्यावर हसत नव्हते. दुकानदाराने कात्र्यांची पेटी काढून काउंटरवर ओतली. आईने एकेक हातात घेतली, डोळे मिटून उघडझाप करून पाहिली. घाण लोकरीचा एक वाळका गोळा तिने पदरात बांधून आणलेला होता, तो काढून काउंटरवर ठेवला आणि त्याच्यावर कात्र्या चालवून पाहू लागली. बागवाल्यांनी नाकाला रुमाल लावले. तिने वर पाहिलं नाही.

शेवटी तिने दोन घेतल्या. एक फांद्या छाटायची आखूड, जाड पात्याची, वाळलेल्या गाठीचा देठ एका दाबात तोडणारी. दुसरी मणी काढायची, लांब आणि निमुळती, मधे बारीक स्प्रिंग असलेली. ती दोन बोटांच्या दाबावर चालायची आणि मांडीच्या आतल्या चिंचोळ्या जागेत जायची. आधी छाटणीच्या कात्रीने गाठी पाडायच्या, मग बारीकने राहिलेली लोकर बोटभर ठेवून काढायची. अगदी कातडीपर्यंत जायचंच नाही, कारण कातडी उघडी पडली की माशीला जागा सापडते.

फक्त बारीक कात्रीची टोकं सुईसारखी होती. मेलेली मेंढी आईच्या मनातून गेली नव्हती. म्हणून मी ती कात्री घेऊन नाशिकला आलो आणि द्वारकेजवळच्या धारवाल्याकडे गेलो.

"टोकं घासून गोल करून द्या."

त्याने चाक थांबवलं. "लोक इथं धार लावायला येतात. तू धार घालवायला आलास?"

"पाती तशीच ठेवा. फक्त टोकं."

"कशासाठी?"

कॉलेजातली दोन पोरं माझ्याबरोबर होती. एक शहरातल्या इंदिरानगरचा, इस्त्रीच्या शर्टातला. पूर्वी कुणी असं विचारलं असतं तर मी काहीतरी थाप मारली असती. त्या दिवशी मी सरळ सांगितलं: मेंढीच्या ढुंगणाखालची लोकर कापायची आहे, आईला. धारवाला म्हणाला, "असं होय," आणि चाकाला पाय लावला. परत येताना इंदिरानगरच्या मित्राने विचारलं, मेंढी लाथ मारते का. मारते, मी म्हणालो.

श्रावणात चार दिवसांची उघडीप मिळाली. मी कॉलेज बुडवून घरी गेलो, एवढं मी कबूल करतो आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. माळावर जाळीच्या तोंडाशी पोतं अंथरून आई बसली. मी मेंढी आणायचो, आडवी करून पाय धरायचो. वडील मोकळी झालेली मेंढी डाव्या हाताने तपासायचे आणि काठीने पलीकडे लावायचे. गाठी पटापटा पोत्यावर पडू लागल्या. आईचा हात थांबत नव्हता. माळावरून जाणाऱ्या बाया उभ्या राहून बघत होत्या, आणि एका म्हातारीने तोंडाला पदर लावून "काय दिस आले" असं मोठ्याने म्हटलं. आईनेही मोठ्याने उत्तर दिलं, "कोरडे आलेत, मावशी. चांगले आलेत."

दुसऱ्या दिवशी तात्या आले. बहुतेक कुणीतरी जाऊन सांगितलं होतं. ते काठी रोवून उभे राहिले आणि मला म्हणाले, "तुझ्या आईला सांग, मेंढरू म्हंजी द्राक्षाचा वेल नव्हं."

"त्यांना सांग, वेल लाथ मारत नाय," आई म्हणाली. हात चालूच.

"पद्धत मोडली म्हणावं."

"कातर खुंटीला हाय म्हणावं. बघून या म्हणावं."

पुढची मेंढी दूध देणारी होती, आचळ भरलेलं. आईने बारीक कात्री आत घातली तसे तात्या एकदम पुढे आले आणि ओरडले, "अगं, आचळ! आचळ कापशील!"

"नाय कापत," आई म्हणाली. "हा पाय वर धरा."

आणि तात्यांनी गुडघ्यावर बसून पाय वर धरला. मी खोटं सांगत नाही. आईने अलगद दोन्ही बाजूंची लोकर काढली, आचळाला ओरखडाही नाही. मेंढी सुटून पळाली. मग तात्यांच्या लक्षात आलं की आपण भावजयीशी बोललो, आणि तिने सांगितलेलं ऐकलंसुद्धा. त्यांचा चेहरा काळवंडला. हात धोतराला पुसत ते उठले. "दसऱ्याला भावकीत बोलू," ते वडिलांना म्हणाले, आणि वळून न बघता गेले. त्या क्षणी मला वाटलं, हे जास्तच बिघडलं. पाय धरला नसता तर कदाचित त्यांनी माफ केलं असतं.

त्यानंतर पावसाळाभर आई दर उघडिपीला बसली. एखाद-दुसऱ्या मेंढीला किडे पडले, तसे ते सगळ्यांच्याच खांडीत पडतात. माझी परीक्षा जवळ आली. दसऱ्याला मला जाता आलं नाही, दिवाळीलाही नाही. मोबाइल आमच्यात कुणाकडे नव्हता, आणि गावातल्या फोनवर निरोप ठेवला तरी माळावर पोचेलच असं नाही. भावकीत काय ठरलं ते मला कळत नव्हतं. मी पुस्तक उघडून बसायचो आणि मला एकच चित्र दिसायचं: तात्यांच्या चुलीपाशी आई, पदर पुढे ओढून, न बोलता. आमच्या मेंढरांच्या पाठीवर त्यांच्या रंगाची खूण.

मी ठरवलं होतं की तसं झालं असेल तर कॉलेज सोडायचं. रागाने का होईना, कातर धरायला शिकायची. आईला ते आवडलं नसतं. तरी ठरवलं होतं.

दिवाळी होऊन बरेच दिवस झाल्यावर एका दुपारी वसतिगृहाच्या वॉचमनने खालून हाक मारली, "ए, तुझ्याकडे घोंगडंवाला आलाय!" पोरं गॅलरीत आली. मी जिना उतरलो. आमच्या गावातलेच एक मामा होते, खांद्यावर घोंगडी, पायात धुळीने पांढऱ्या वहाणा. त्यांचा वाडा शहराबाहेर पाथर्डीच्या शिवारात उतरला होता, आणि विचारत विचारत ते इतक्या लांब चालत आले होते. मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी तांब्या संपवला, तोंड पुसलं, वर गॅलरीतल्या पोरांकडे एकदा पाहिलं.

"काय ठरलं, मामा?" मी विचारलं.

"ठरायचं काय? लय बोलणं झालं. तुझे तात्या अजून रुसलेलेच हायेत, वाटंला त्यांचा वाडा दोन मुक्काम मागं ठेवलाय. तुझा बाप घोड्यावर हाय." मग ते हसले. "आन तुझी आई पुढं गेली. परवाच घोटी ओलांडली तिनं. खांड वेगळी हाय, पोरा. तिची तिची."